चार्ली कर्क सभ्य होता की दुही माजवणारा? भांडण नेमकं कशावरून आहे ते समजून घेऊ

१९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एका ठरावावर मतदान झालं. विषय वरवर पाहता एकदम सोपा. चार्ली कर्क नावाच्या ३१ वर्षांच्या राजकीय भाष्यकाराचा ९ दिवसांपूर्वी गोळी घालून खून झाला होता, त्याचा निषेध करायचा आणि त्याला श्रद्धांजली वाहायची. आता खुनाचा निषेध करायला कुणाची ना असणार? पण मतं पडली ३१० विरुद्ध ५८, आणि वर ३८ जणांनी ना हो ना नाही, नुसतं 'हजर' एवढंच नोंदवलं. विरोधातले ते ५८ आणि हजरवाले ३८ हे सगळे डेमोक्रॅट, आणि गंमत म्हणजे ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांतही ९५ डेमोक्रॅट होते. एकाच पक्षाची तीन दिशांना तीन तोंडं.

गोम ठरावाच्या मजकुरात होती. निषेधाबरोबर त्यात असंही लिहिलं होतं की कर्कची सभ्य चर्चेवरची आणि वादविवादावरची निष्ठा सगळ्या विचारांच्या तरुणांसाठी आदर्श होती, आणि तो आपल्या देशबांधवांचा आदर ठेवून बोलायचा. झालं, इथेच गाडी अडली. खून वाईट हे मान्य, पण तो माणूस सभ्य बोलायचा यावर सही करायची का? न्यूयॉर्कच्या खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी सभागृहात खुनाचा निषेध केला आणि लगेच सांगितलं की हा माणूस १९६० च्या दशकातल्या नागरी हक्क कायद्याला चूक म्हणायचा, आणि त्यांनी विरोधात मत दिलं. रिपब्लिकन लोक भडकले, म्हणाले की मेलेल्या माणसाबद्दल दोन चांगले शब्द पण तुमच्याच्याने निघत नाहीत.

आपल्याकडे बऱ्याच जणांना कर्क हे नाव खुनाच्या बातमीतूनच कळलं आणि मग फोनवर दोन प्रकारच्या क्लिप यायला लागल्या, एका क्लिपमध्ये तो कॉलेजच्या पोरांशी हसत शांतपणे बोलतोय आणि दुसरीत तो असं काही म्हणतोय की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. दोन्ही क्लिप खऱ्या. म्हणून हा खटाटोप.

ओळख थोडक्यात. कर्कचा जन्म १९९३ चा, शिकागोजवळच्या उपनगरात वाढला, कॉलेजची डिग्री घेतलीच नाही आणि २०१२ मध्ये, म्हणजे १८ वर्षांचा असताना, एका निवृत्त माणसाला सोबत घेऊन त्याने टर्निंग पॉइंट यूएसए ही संघटना काढली. काम एकच, कॉलेजमधल्या मुलांना उजव्या विचारांकडे आणायचं. पुढे रेडिओ शो, पॉडकास्ट, लाखोंनी फॉलोअर्स, ट्रम्प यांच्या घरच्यासारखा वावर. २०२४ च्या निवडणुकीत तरुण मुलगे ट्रम्पकडे वळले त्यात त्याचा वाटा आहे असं दोन्हीकडचे लोक मानतात.

आता त्याला सभ्य म्हणणारे काय बघून म्हणतात ते बघू. त्याचा ठरलेला कार्यक्रम असा असायचा. कॉलेजच्या मोकळ्या आवारात एक पांढरा तंबू ठोकायचा, त्यावर मोठ्या अक्षरात 'मला चूक सिद्ध करून दाखवा' अशा अर्थाची पाटी, समोर माइक, आणि कुणीही यावं, रांगेत उभं राहावं, वाट्टेल ते विचारावं. शिवाय ज्यांना माझं पटत नाही त्यांनी रांगेत पुढे या, असं तो स्वतः सांगायचा. हे कमी नाही हो. आपल्याकडे किती वक्ते सभा झाल्यावर विरोधकाच्या हातात माइक देतात? इथे पत्रकार परिषद घ्यायची मारामार.

युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत तो १० सप्टेंबरला आला त्याच्या आधी त्याला येऊ देऊ नका म्हणून जवळपास १००० सह्यांचा ऑनलाइन अर्ज फिरला होता, विद्यापीठाने मुक्त अभिव्यक्तीचं कारण देऊन कार्यक्रम होऊ दिला. साधारण ३००० लोक जमले होते. एका मुलाने सामूहिक गोळीबारांबद्दल प्रश्न विचारला, कर्कने उलट प्रश्न केला, आणि त्याच क्षणी गोळी लागली. म्हणजे अक्षरशः प्रश्नोत्तरं चालू असताना. (२२ वर्षांच्या एका तरुणाला अटक झाली आणि त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवलाय, तो भाग कोर्टाचा, त्यात इथे शिरत नाही.)

दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये एझ्रा क्लाइनचा लेख आला. क्लाइन डावीकडे झुकलेला, कर्कशी त्याचं काहीच जुळत नाही. पण त्याने लिहिलं की त्याचे विचार नापसंत असतील तरी कर्क राजकारण अगदी योग्य रीतीने करत होता, कॉलेजांत जायचा आणि जो बोलायला तयार असेल त्याच्याशी बोलायचा. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी तर मार्चमध्ये आपल्या पॉडकास्टच्या पहिल्याच भागात कर्कला बोलावलं होतं, त्यांनीही हाच सूर लावला. युटाचे गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी कर्कचंच बोलणं आठवलं, की लोक बोलायचं थांबवतात तेव्हा हिंसा सुरू होते.

पण तंबूचा हा प्रकार दिसायला जितका मोकळा दिसतो तितका तो बरोबरीचा नव्हता, हे समजून घ्यायला हवं. एका बाजूला रोज हेच करणारा, वर्षानुवर्षं तेच १५-२० मुद्दे घोटून पाठ केलेला माणूस, आणि समोर १९-२० वर्षांचं पोर, मागे गर्दी, पुढे कॅमेरे, आयुष्यात पहिल्यांदा हातात माइक. कर्क शिव्या देत नव्हता, आवाज चढवायचा नाही, पण प्रश्नाला उलट प्रश्न, व्याख्या सांग, आकडा सांग, आणि मुलगा अडखळला की गर्दीतून ओरडा. नंतर त्याच प्रसंगाचा एक मिनिटाचा तुकडा कापून 'अमक्याचा धुव्वा' छापाच्या नावाखाली यूट्यूबवर आणि टिकटॉकवर. टेस्ट मॅच पाच दिवसांची असते पण हायलाइट्समध्ये नुसत्या विकेटा पडताना दिसतात, तसं हे. मे २०२५ मध्ये तो केंब्रिज युनियनमध्ये, म्हणजे इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठाच्या वादविवाद मंडळात गेला, तिथे पोरं तयारीने आली होती आणि तिथले काही तुकडे त्याच्या विरोधकांनी तितक्याच आनंदाने फिरवले. म्हणजे हा धंदा एकट्या कर्कचा नाही, हा सगळ्या क्लिपवाल्या राजकारणाचा धंदा आहे, तो त्यात फार तरबेज होता एवढंच.

माझ्या मते तरी हा आक्षेप अर्धाच खरा आहे. असमान वाद हा वादच असतो. तयारी करून येण्यात गैर काय? खरा प्रश्न तंबूतला नाहीच, तो तंबूबाहेर, रोजच्या शोमध्ये आणि मेळाव्यांत तो काय बोलायचा त्याचा आहे. समोर कुणी नसताना.

इथे तीन वाक्यं जरा जवळून बघू कारण सगळं भांडण अशाच वाक्यांवर चालतं, आणि दोन्ही बाजू त्यांना आपल्याला हवं तसं ताणतात.

पहिलं, पायलटचं. जानेवारी २०२४ मध्ये कर्क म्हणाला की मला कृष्णवर्णीय पायलट दिसला तर मनात येतं, बाबा हा लायक असू दे. बास, एवढं वाक्य जगभर गेलं. मागचा संदर्भ असा की युनायटेड एअरलाइन्सने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की पुढच्या दशकात प्रशिक्षण देणार असलेल्या ५००० पायलटांपैकी निम्मे महिला किंवा बिगर-गोरे असतील. कर्कचा युक्तिवाद होता की अशी टक्केवारी ठरवली की लोकांच्या मनात असे वाईट विचार येतात, आणि मला असा विचार करायचा नाहीये, कुणीच करू नये. समर्थक म्हणतात, बघा, तो धोरणावर टीका करत होता. टीकाकार म्हणतात, अरे पण ती टक्केवारी प्रशिक्षणशाळेत प्रवेश देताना, परीक्षेची आणि लायसनची अट सगळ्यांना तीच, मग शंका फक्त काळ्या माणसावर का, त्यात निम्म्याच जागांत महिलाही होत्या की. मला यात टीकाकारांचं जास्त पटतं. संदर्भ जोडला की वाक्याचं कारण कळतं, पण विमानात बसलेल्या त्या पायलटवर पडलेली शंका काही पुसली जात नाही.

दुसरं, मेंदूचं. कर्क काळ्या बायकांना बुद्धी नसते म्हणाला, असं तुम्ही वाचलं असेल. तो म्हणाला होता २०२३ मध्ये, चार बायकांची नावं घेऊन: मिशेल ओबामा, टीव्हीवरच्या जॉय रीड, खासदार शीला जॅक्सन ली आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश केतांजी ब्राउन जॅक्सन. यांना गांभीर्याने घ्यावं इतकी विचारशक्ती यांच्यात नाही म्हणून यांना गोऱ्या माणसाची जागा चोरावी लागली, असं. म्हणजे 'सगळ्या काळ्या बायका' असं तो बोलला नव्हता आणि ते त्याच्या तोंडी घालणं चूकच. पण मूळ वाक्य वाचून कुणाला हायसं वाटेल असंही नाही. चारही काळ्या, चारही भरपूर शिकलेल्या, त्यातल्या एक हार्वर्डच्या वकील आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश. यांची जागा 'गोऱ्याची' होती हे ठरवलं कुणी?

तिसरं, दगड मारण्याचं. प्रसिद्ध लेखक स्टीफन किंग यांनी कर्कच्या खुनानंतर लिहिलं की तो समलिंगींना दगडांनी मारा म्हणायचा. ते खोटं निघालं आणि किंग यांनी माफी मागितली. झालं होतं असं की लहान मुलांची एक यूट्यूबवाली बाई बायबलमधल्या 'शेजाऱ्यावर प्रेम कर' या वचनाचा दाखला देत होती, तर कर्क म्हणाला की त्याच ग्रंथात जवळच दुसरं वचन आहे, समलिंगींना दगडांनी मारण्याचं, सोयीचं तेवढं उचलू नका. इथवर ठीक, वादात असं सगळेच करतात. पण त्याच दमात त्याने त्या भागाला लैंगिक बाबतीतला देवाचा परिपूर्ण कायदाही म्हटलं. म्हणजे मारा असं म्हणाला नाही, पण ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्या माणसाने ऐकून निवांत झोपावं असंही काही नाही.

तीनही ठिकाणी एकच खेळ दिसतो बघा, विरोधक वाक्य आणखी भयंकर करून सांगतात, मग समर्थक 'तो असं म्हणालाच नाही' म्हणून खोटं उघडं पाडतात, आणि त्या गडबडीत मूळ वाक्य, जे पुरेसं वाईट आहे, ते सुटून जातं. विरोधकांनी हा आपल्याच पायावर मारलेला धोंडा आहे.

काही वाक्यांना तर संदर्भाचाही प्रश्न नाही. डिसेंबर २०२३ च्या आपल्याच मेळाव्यात तो म्हणाला की नागरी हक्क कायदा करून आपण मोठी चूक केली, आणि मार्टिन ल्यूथर किंग चांगला माणूस नव्हता. १९६४ चा हा कायदा म्हणजे हॉटेलात, दुकानात, नोकरीत वंशावरून भेद करायचा नाही हे सांगणारा कायदा. त्याचं म्हणणं होतं की यातून पुढे विविधतेच्या नावाखाली कायमची नोकरशाही उभी राहिली आणि ती गोऱ्यांवर उलटली. बरं, ही मांडणी तुम्ही एखाद्या सेमिनारमध्ये शांतपणे करू शकता, करणारे आहेतही. पण ज्यांच्या आजीला मागच्या दाराने हॉटेलात जावं लागायचं त्या घरात हे वाक्य कितीही मऊ आवाजात सांगा, ते मऊ लागणार नाही.

आणखी एक, बोलण्यापलीकडचं. २०१६ मध्ये त्याच्या संघटनेने प्राध्यापकांची एक यादी वेबसाइटवर टाकली, डावा प्रचार करतात आणि उजव्या मुलांना त्रास देतात अशा प्राध्यापकांची, नावानिशी. यादीत आलेल्या अनेकांनी नंतर शिवीगाळीच्या आणि धमकीच्या ईमेल आल्याचं सांगितलं. मुक्त चर्चेचा झेंडा एका हातात आणि दुसऱ्या हातात यादी, हे मला तरी आजवर जुळवता आलेलं नाही.

क्लाइनच्या लेखाला टा-नेहिसी कोट्सने व्हॅनिटी फेअरमध्ये उत्तर दिलं ते याच अंगाने. कोट्स काळा लेखक, अमेरिकेतल्या वंशभेदावर आयुष्य घातलेला. त्याचं म्हणणं साधारण असं, की तुम्ही त्याच्या पद्धतीचं कौतुक करताय पण तो बोलला काय ते लेखात कुठेच नाही, त्याचे शब्द बाजूला काढून उरलेल्या माणसाला आदर्श करताय. नंतर सप्टेंबरअखेर दोघं क्लाइनच्याच पॉडकास्टवर समोरासमोर बसले. ऐकण्यासारखं आहे, कारण दोघं मित्र आहेत आणि तरी कुणी तडजोड करत नाही. क्लाइनला चिंता अशी की अर्धा देश या माणसावर प्रेम करतो, त्यांच्याशी बोलायचं दारच बंद केलं तर निवडणुका हरत राहू आणि देश एकत्र राहायचा कसा. कोट्सला चिंता अशी की दार उघडं ठेवायच्या नादात ज्यांच्यावर शब्दांचा मारा झाला त्यांना तुम्ही गप्प बसा म्हणताय का. एकजण राजकारण्यासारखा विचार करतोय, दुसरा लेखकासारखा.

आणि दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायचा तर, कर्कच्या वागण्यात जे चांगलं होतं ते ढोंग होतं असं मानायचं कारण नाही. २१ सप्टेंबरला ॲरिझोनातल्या ग्लेनडेलच्या स्टेडियममध्ये शोकसभा झाली, तिथे त्याची बायको एरिका हिने मारेकऱ्याला मी माफ करते असं सांगितलं. त्यानंतर ट्रम्प उठले आणि म्हणाले की चार्ली विरोधकांचा द्वेष करत नव्हता, त्यांचं भलं इच्छायचा, आणि इथेच माझं त्याच्याशी पटत नाही, मी माझ्या विरोधकांचा द्वेष करतो. अशा मंडळींच्या शेजारी उभं केलं की कर्क सभ्य दिसणारच. तुलना कुणाशी करता यावरही बरंच अवलंबून आहे.

मला विचाराल तर, कर्क ज्याच्याशी बोलायचा त्याच्याशी बहुतेक वेळा नीट बोलायचा, आणि ज्याच्याबद्दल बोलायचा त्याच्याबद्दल बऱ्याचदा वाईट बोलायचा. त्याला सभ्य म्हणणाऱ्याने माइकसमोरचा मुलगा पाहिलाय, आणि फूट पाडणारा म्हणणारा बहुतेक 'ज्याच्याबद्दल बोलायचा' अशांच्या दुसऱ्या यादीत मोडतो, काळा, ट्रान्सजेंडर, मुसलमान, स्थलांतरित. दोघंही खोटं बोलत नाहीयेत.

ही दुसरी यादी आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. खुनाच्या ८ दिवस आधी, २ सप्टेंबरला, भारताशी व्यापार करार करायचा तर आणखी व्हिसा द्यावे लागतील अशी चर्चा चालू होती, त्यावर कर्कने लिहिलं की अमेरिकेला भारतातून येणाऱ्यांसाठी आणखी व्हिसांची गरज नाही, कायदेशीर स्थलांतरात अमेरिकन कामगारांना भारतीयांइतकं कुणीच हटवलं नसेल, पुरे झालं, आम्ही भरलोय. एच-वन-बी व्हिसांच्या मंजुऱ्यांत ७० टक्क्यांच्या वर भारतीय असतात, त्यात पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची पोरं किती हे न्यू जर्सीतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जाऊन बघा. शिवी एकही नाही त्या पोस्टमध्ये. व्हिसा किती द्यायचे हा त्या देशाचा हक्काचा प्रश्न आहे आणि त्यावर कडक मत असणं म्हणजे द्वेष नव्हे. पण कंपन्यांवर, कायद्यावर बोट ठेवायचं सोडून 'भारतातून आलेले लोक' असा एक गठ्ठा केला की एडिसनमध्ये आपली पाळी यायची वाट बघत, ग्रीन कार्डच्या रांगेत १० वर्षं बसलेल्या माणसाला ते कसं लागतं हे आपल्याला वेगळं समजवायला नको. आणि योगायोग बघा, ज्या १९ सप्टेंबरला तो ठराव पास झाला त्याच दिवशी ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी लावली.

आता शेवटचा आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा तुकडा, कायद्याचा. आपल्याकडे दोन समाजांत तेढ वाढवणारं बोललं तर गुन्हा आहे, पूर्वीचं १५३-अ कलम, आता भारतीय न्याय संहितेचं १९६. अमेरिकेत असं कलमच नाही. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवून टाकलं की बोलण्याबद्दल शिक्षा करायची तर त्या बोलण्याचा हेतू ताबडतोब बेकायदा कृत्य घडवण्याचा हवा आणि ते घडण्याची खरोखर शक्यता हवी. तो खटला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेच्या एका पुढाऱ्याचा होता, म्हणजे संरक्षण मिळालं ते अगदी घाणेरड्या भाषणाला. त्यामुळे कर्क दुही माजवत होता असं कुणी सिद्ध जरी केलं तरी कायद्याने त्याला काहीच फरक पडत नव्हता, आणि हेच त्याच्यावर टीका करणाऱ्यांनाही लागू.

पण झालं भलतंच. खुनानंतर कर्कबद्दल वाकडं बोलणाऱ्या शिक्षकांच्या, पत्रकारांच्या, नर्सच्या नोकऱ्या गेल्या. टीव्हीवरचा विनोदी सूत्रधार जिमी किमेल याने आपल्या कार्यक्रमात या खुनावरून मारलेल्या एका शेऱ्यावरून प्रसारण नियामक आयोगाचे प्रमुख ब्रेंडन कार यांनी हे सोप्या मार्गाने होईल किंवा अवघड मार्गाने अशी भाषा केली, आणि १७ सप्टेंबरला एबीसी वाहिनीने त्याचा कार्यक्रम बंद केला, आठवड्याभरात तो परत आला. कार यांच्यावर तुटून पडणाऱ्यांत टेक्सासचे टेड क्रूझ होते, कट्टर रिपब्लिकन. त्याच सुमारास ॲटर्नी जनरल पाम बाँडी म्हणाल्या की मुक्त भाषण वेगळं आणि द्वेषाचं भाषण वेगळं, द्वेषाचं बोलाल तर आम्ही तुमच्या मागे लागू. यावर आरडाओरडा झाला तो डाव्यांपेक्षा उजव्यांकडूनच, आणि त्यांनी पुरावा म्हणून काढली ती कर्कचीच मे २०२४ ची पोस्ट. त्यात त्याने लिहिलं होतं की अमेरिकेत कायद्याच्या नजरेत द्वेषाचं भाषण असं काही नसतंच, कुरूप भाषण असतं, किळसवाणं असतं, दुष्ट असतं, आणि त्या सगळ्याला घटनेचं संरक्षण आहे. बाँडी बाईंना दुसऱ्याच दिवशी खुलासा करावा लागला की आपण फक्त हिंसेच्या धमक्यांबद्दल बोलत होतो.